नावाआधी रा., नावानंतर रा.

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अपघाताची किंवा चोरीची बातमी असते. तिथे माणसाच्या नावापुढे एक कंस उघडतो आणि त्यात दोनच गोष्टी येतात, वय आणि रा. म्हणजे असं: (वय 34, रा. आशागड, ता. डहाणू). मोटारसायकलवरून पडलेला, शेतात वीज अंगावर पडलेला, गावठी दारूच्या धाडीत सापडलेला, सगळ्यांना हा कंस सारखाच. आशागड हे डहाणूहून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. तिथल्या माणसाचं नाव छापून येण्याची वेळ बहुधा अशाच बातमीत येते, आणि आलं की त्यामागे रा. येतोच. राहणार. तो कुणी फोडून सांगत नाही, सांगावा लागत नाही.

याच भाषेत, याच अक्षरात शंभर वर्षांपूर्वी कुणा गृहस्थाला पत्र पाठवायचं तर नावाच्या आधी रा. लिहावा लागे, आणि तोही दोनदा. रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री. तो चुकून राहिला तर वाचणाऱ्याचा अपमान व्हायचा. तेव्हा रा. नावाच्या आधीही येतो आणि नंतरही. आधी आला की माणसाला मान देतो, नंतर आला की त्याचा ठावठिकाणा सांगतो. एका अक्षराचे अनेक अर्थ असावेत यात काही नवल नाही. मला कुतूहल आहे ते जागेचं. डहाणू-तलासरीच्या मुलखातल्या बहुतेक माणसांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या नावानंतरचाच रा. का आला असावा?

त्याआधी या अक्षराची बाकीची घरं फिरून येऊ, कारण ती मोठी गमतीची आहेत.

जन्मकुंडलीत रा. म्हणजे राहू. बारा घरांच्या त्या आकृतीत ग्रहांना पुरं नाव लिहायला जागाच नसते, म्हणून चं., मं., बु., गु., शु., श. आणि रा. अशी त्यांची दाटीवाटी. पण राहूचं एका अक्षरावर भागवणं विशेष शोभून दिसतं. अमृत पिताना पकडला गेला, विष्णूने मान उडवली, आणि जे डोकं उरलं ते राहू, धड ते केतू. संक्षेपही दुसरं काय करतो? शब्दाचं डोकं ठेवतो, धड टाकून देतो, आणि तरी तो शब्द जिवंत असल्यासारखा वागतो. खगोलशास्त्राच्या हिशेबात राहू आणि केतू हे पिंडच नाहीत. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते हे दोन बिंदू, कायम एकमेकांसमोर, आणि साधारण 18.6 वर्षांत राशिचक्राची एक उलटी फेरी पुरी करणारे. म्हणजे कुंडलीतला रा. हा ज्याला शरीर नाही अशा गोष्टीचा संक्षेप. ग्रहणं मात्र त्याच्यावाचून होत नाहीत.

एसटीच्या थांब्यावर हाताने रंगवलेल्या वेळापत्रकात रा. म्हणजे रात्री. स., दु., सायं. आणि शेवटी रा. त्या ओळीतली गाडी बहुधा मुक्कामी असते. रात्री पाड्यापाशी थांबते आणि पहाटे परत निघते. त्याच गाडीच्या कागदपत्रांत रा. प. म्हणजे राज्य परिवहन. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून महामंडळाच्या परिपत्रकांत हा रा. प. चालत आला आहे. बोलताना तो कुणाच्या तोंडी नसतो, तिथे एसटीच. आणि डहाणूसारख्या तालुक्यात एसटी म्हणावं तर तिथेही दोन अर्थ टपलेले. गाडीही एसटी आणि अनुसूचित जमातीचा दाखलाही एसटीचा. एसटीचा दाखला आणायला एसटीने जावं लागतं, हे वाक्य तिथे कुणाला विनोदी वाटत नाही.

रस्त्यावर उतरलं तर तिथेही रा. आहेच. राष्ट्रीय महामार्गही रा. म. आणि राज्य महामार्गही रा. म. राष्ट्र आणि राज्य यांच्यात किती अंतर असावं यावर दिल्ली आणि मुंबई वर्षानुवर्षं भांडत असतात, पण सरकारी टिपणीत दोघांचं डोकं एकच. शेवटी मैलाच्या दगडाला रंग लावून सोय करावी लागली. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्य. मुंबई-अहमदाबाद रस्ता पूर्वी 8 क्रमांकाचा होता, नव्या मोजणीत 48 झाला. आकडा बदलला, रा. तसाच राहिला. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, राज्य विद्युत मंडळ, सगळे एकाच अक्षराच्या छपराखाली. अर्थ कळतो तो शेजारच्या अक्षरामुळे.

स्वतःचा अर्थ स्वतःच सांगणारा रा. मला एकच ठिकाणी भेटला, छंदशास्त्रात. यमाताराजभानसलगम् हे सूत्र शाळेत घोकलेलं असतं. त्यात ज्या गणावर बोट ठेवाल त्यापासून तीन अक्षरं मोजायची. रा-वर बोट ठेवलं की रा-ज-भा, गुरु-लघु-गुरु, आणि हाच र गण. खूण आणि खुणेचा अर्थ एकाच ठिकाणी. बाकी सगळे संक्षेप ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्याशीच बोलतात. पिंगलाच्या परंपरेतल्या या लोकांनी नवख्यालाही आत घेणारा संक्षेप केला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

एक भाषिक खुबी इथे नोंदवतो. रोमन लिपीत संक्षेप करताना पहिलं अक्षर घेतात, मराठीत पहिलं अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट घेतात. म्हणून आपल्याकडे र. नाही, रा. आहे. तालुक्याचा त. नाही, ता. आहे. याचा फायदा असा की शब्दाचा थोडा आवाज शिल्लक राहतो. तोटा असा की तरीही गोंधळ चुकत नाही. मा. म्हणजे माननीय आणि मा. म्हणजे माजी. कार्यक्रमपत्रिकेवर मा. आमदार छापलं की त्या गृहस्थाला मान मिळाला की त्याची खुर्ची गेली, ते त्याचं त्यालाच माहीत. पै. म्हणजे कुस्तीच्या भित्तिपत्रकावर पैलवान, आणि मुसलमान कुटुंबाच्या दुःखवट्याच्या जाहिरातीत पैगंबरवासी. कोल्हापूरच्या बाजूला हे दोन्ही पै. एकाच नावाआधी लागण्याची पाळी येऊ शकते.

आता रा. रा. कडे वळू.

पेशवाईच्या दफ्तरातली पत्रं वाचताना पहिली अडचण अक्षराची असते, दुसरी संक्षेपांची. मोडी लिहिणारा कारकून घाईत असे. मौजेचा मौ॥, कसब्याचा क॥, तर्फेचा त॥, अशी दंड ओढून तो पुढे जाई. मायन्यात रा. म्हणजे राजश्री. मग सगळा मजकूर, आणि तळाशी पुन्हा रा छ आणि पुढे हिजरी महिन्याची तारीख. तो छ म्हणजे चंद्र, आणि हा तळातला रा म्हणजे रवाना. एकाच कागदावर माथ्याशी राजश्री आणि पायाशी रवाना, दोघांचा वेष सारखाच. ज्या कारकुनाने लिहिलं आणि ज्या कारकुनाने उघडलं, त्या दोघांना यात काहीच अडचण नव्हती. अडचण आपली आहे, कारण आपण त्या दफ्तराचे नोकर नाही.

राजश्री हा आरंभी खरोखरच राजाशी नातं सांगणारा शब्द. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात मायन्याची उतरंड फार काटेकोर होती. कुणाला श्रीमंत, कुणाला वेदशास्त्रसंपन्न, कुणाला राजश्री, हे ठरलेलं असे आणि मायना खालचा पडला तर त्यावरून रुसवे होत. राज्य गेलं आणि गंमत झाली. राजाच उरला नाही तेव्हा राजमान्य सगळेच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शाळामास्तर, वकील, दुकानदार, वर्तमानपत्राचा संपादक, जो कुणी पांढरपेशा असेल त्याच्या नावाआधी रा. रा. लागू लागला. किताब स्वस्त झाला, की मध्यमवर्ग जन्माला आला? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

खरा किताब हवा असणाऱ्यांसाठी इंग्रजांनी दुसरी सोय केली होती. रा. सा. म्हणजे रावसाहेब, रा. ब. म्हणजे रावबहादूर. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख रावबहादूर होते, आणि ज्यांनी जुनी मराठी पत्रं जमवून छापली ते दत्तात्रय बळवंत पारसनीसही रावबहादूर. म्हणजे रा. ब. बसून रा. रा. ची पत्रं तपासत होते. आणि ज्याच्या नावाने हे किताब वाटले जात, त्या राजाच्या सहीतही एक अक्षर होतंच. सहावा जॉर्ज सही करताना नावापुढे आर आणि आय ही दोन अक्षरं लिहीत असे, राजा आणि सम्राट या अर्थाची लॅटिन आद्याक्षरं. ऑगस्ट 1947 मध्ये हिंदुस्थान गेला आणि सहीतला आय गळला, आर तेवढा राहिला. लॅटिनचा रेक्स आणि आपला राजा मुळात एकाच कुळातले. तेव्हा तो आर आणि आपला रा. हे लांबचे भाऊच म्हणायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा आर मात्र त्या घराण्यातला नाही. तो लॅटिनमधल्या ‘घे’ या आज्ञेचा संक्षेप. आणि संस्कृतात रा या धातूचा अर्थ नेमका उलटा, देणे. कोशकारांनी एकाक्षरी शब्दांचे वेगळे कोश रचले ते अशाच चंगळीसाठी असावेत.

26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना लागू झाली आणि तिच्या अठराव्या कलमाने किताब बंद केले. रा. ब. आणि रा. सा. त्या दिवशी संपले. रा. रा. ना कुणी कायद्याने काढलं नाही. ते लग्नपत्रिकांतून हळूहळू विरले आणि त्यांच्या जागी श्री. येऊन बसला. नावाआधीचा रा. असा गेला.

नाही म्हणायला तो एका ठिकाणी अजून आहे, लेखकांच्या नावात. रा. ग. गडकरी म्हणजे राम, रा. गो. भांडारकर म्हणजे रामकृष्ण, रा. चिं. ढेरे म्हणजे रामचंद्र, रा. रं. बोराडे म्हणजे रावसाहेब. चौघांचा रा. वेगळा, आणि वाचकाला चारही ठाऊक असावेत अशी अपेक्षा. रा. दुसऱ्या जागी आला की तो बापाचा. वि. रा. शिंदे यांच्यातला रा. विठ्ठलाचे वडील रामजी, द. रा. बेंद्रे यांच्यातला रा. दत्तात्रेयाचे वडील रामचंद्र. मराठीत अक्षरांवर उभं राहणं हा मान आहे. तुमचं नाव लोकांना इतकं माहीत आहे की ते पुरं लिहायची गरज नाही, असा त्याचा अर्थ.

आशागडच्या पुढे गंजाड लागतं. तिथल्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे. वारली चित्रकला झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगाच्या दालनांत नेणारे, 2011 साली पद्मश्री मिळालेले, 2018 साली गेले. सोमा हे वडिलांचं नाव. मराठी रीतीने त्यांचं नाव जि. सो. मशे असं व्हायला हवं होतं. ते तसं लिहिलेलं मी कुठे वाचलं नाही. आदिवासी माणसाचं नाव आपण नेहमी पुरं लिहितो, कारण ते वाचकाला ठाऊक असेल असं आपण गृहीतच धरत नाही. मशे यांच्या चित्रातली माणसं म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वारली चित्रात लग्नातला नवरा आणि तारपा वाजवणारा हे बहुधा एकाच मापाचे असतात. कोण मोठा हे सांगणारी काही खूण त्यांच्या डोक्यावर नसते. वारल्यांच्या लग्नाला धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लागे, पालघाट देवीचा चौक भिंतीवर लिहावा लागे. ते चौक ‘लिहिणं’ म्हणतात, आणि त्या लिहिण्यात रा. रा. ला जागा नव्हती. आता तिथेही पत्रिका छापतात.

पण या मुलखातल्या माणसाचं नाव कागदावर आलं ते चित्रामुळे नाही. ते आलं सावकाराच्या दस्तात.

जुन्या दस्ताची भाषा ठरलेली. लिहून घेणार रा. रा. अमुक यांसी, लिहून देणार तमुक, राहणार मौजे तमुक. घेणाऱ्याला मायना, देणाऱ्याला ठिकाण. यात कारस्थान होतं असं मी म्हणत नाही. लिहून देणाऱ्याने स्वतःला मान लावून घेऊ नये हा शिष्टाचारच होता, आणि कर्जबाजारी ब्राह्मणही आपल्या नावाआधी रा. रा. लिहीत नसे. फरक इतकाच की त्या ब्राह्मणाला दुसऱ्या कुणाकडून तरी रा. रा. घातलेलं पत्र येत होतं. वारल्याला पत्रच येत नव्हतं. त्याला लिहून देण्यापुरतंच कागदाशी काम, तेही अंगठ्याने. आणि लिहून काय दिलं? लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी स्वतःला आणि बायकोला मालकाच्या वाड्यावर बांधून घ्यायचं, हे लग्नगड्याचं जिणं इथे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत होतं. त्यासोबत वेठ, म्हणजे बिनमजुरीची राबणूक. दस्तातला ‘राहणार’ अशा वेळी शब्दशः खरा ठरे. तो दुसरीकडे जाऊच शकत नव्हता.

23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी या गावी किसान सभेचा मेळावा झाला आणि तिथे वारल्यांनी वेठीला नकार दिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर या उठावाच्या आघाडीवर होते. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मांडलं आहे. त्याला 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. डहाणू-तलासरीत तेव्हापासून आदिवासी माणसाच्या नावाआधी पहिल्यांदाच एक अक्षर लागू लागलं, आणि ते रा. नव्हतं, कॉ. होतं. कॉ. म्हणजे कॉम्रेड. झरीच्या आसपास हे लालबावट्याचं अक्षर आजही नावाआधी तितक्याच सहजपणे लागतं. 1977 साली डहाणू मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले लहानू शिडवा कोम इथल्या भिंतींवर आणि पत्रकांवर कॉ. लहानू कोम असेच लिहिले गेले. पोलिसांच्या कागदातही कॉ. आहे, पो. कॉ., पण तो कॉन्स्टेबल. आंदोलनाच्या नोंदी वाचणाऱ्याने हे जपून वाचावं. एकाच पानावर एक कॉ. पकडणारा असतो, दुसरा कॉ. पकडला गेलेला.

उठावानंतर वेठ मोडली, लग्नगडी सुटले. नावानंतरचा रा. मात्र तसाच राहिला. पोलिसांत, वनखात्यात, दवाखान्यात, मजुरीच्या हजेरीपटावर. हा रा. मोठा विचित्र आहे. राहणार या शब्दात राहत असलेलाही आहे आणि पुढे राहील तोही आहे. पण डहाणू, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवरची माणसं दिवाळीनंतर राहत नाहीत. ती ‘जगायला’ जातात, हा त्यांचाच शब्द. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, बोटींवर. पावसाच्या तोंडाशी परत येतात. मधल्या काळात त्यांच्यापैकी कुणाचं नाव पोलिसांच्या कागदावर आलं, तर लेखनिक मोठ्या अचूकपणे लिहितो: मूळ रा. आशागड, सध्या रा. भिवंडी. एका माणसाला दोन रा., आणि दोन्ही ठिकाणी तो अर्धाच. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा तर घर असून लोक थंडीत अंगणात, ताडपत्रीखाली आणि तंबूत झोपले. कागदावर ते राहणारच होते.

इथवर मी नावानंतरच्या रा. ची उणीदुणी काढली. पण त्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा हिशेब खोटा होईल.

ज्या वर्षी घटनेने रा. ब. काढून टाकला त्याच वर्षी, 6 सप्टेंबर 1950 रोजी, राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश निघाला. वारली त्या यादीत आहेत. आज महाराष्ट्रात जमातीचा दाखला हवा असेल तर त्या तारखेला आपले आई-बाप किंवा आजे-पणजे इथे राहत होते, हे दाखवावं लागतं. मग घराघरांतून शोध सुरू होतो. आज्याचा शाळेचा दाखला नाही, कारण आजा शाळेत गेलाच नाही. तलाठी कार्यालयातून जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीची, कोतवाल बुकाची, नक्कल काढायची. कुठे जुना दस्त सापडतो. त्यावर अंगठा, आणि नावामागे रा. ज्या कागदाने आज्याला बांधलं, तोच कागद नातवाला दाखला मिळवून देतो.

वनजमिनीचंही तेच. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे हे आदिवासीला दाखवावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याकडे त्या जमिनीचा कागद असणार कुठून? एकसाली प्लॉटची चिठ्ठी कुणाकडे असली तर असते. बहुतेकांकडे असते ती वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची पावती. तिच्यावर नाव, गुन्हा, रक्कम, आणि रा. अमुक पाडा. गुन्ह्याची ती पावती दाव्याला पुरावा म्हणून जोडली गेली. असे कागदही ज्यांच्याकडे नव्हते, त्यांच्यासाठी डहाणूच्या कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 1991 साली न्यायालयाने कागद नसलेल्यांचे दावेही तपासण्याची वाट मोकळी केली, आणि पुढच्या कायद्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा ठरला. म्हाताऱ्याने ग्रामसभेत उभं राहून सांगायचं, हा इथे राहत होता. रा. शेवटी माणसाच्या तोंडी पुरा बोलला जातो तो असा.

म्हणून मला नावानंतरचा रा. आता नावाआधीच्या रा. पेक्षा मोलाचा वाटतो. रा. रा. कुणीही कुणालाही लावू शकत होता, त्यामागे राजाही नव्हता आणि पुरावाही नव्हता. राहणार मात्र सिद्ध करावा लागतो, आणि सिद्ध झाला की त्यातून जमीन येते, दाखला येतो, ग्रामसभेत जागा येते. मान दाखवणाऱ्या अक्षराने यातलं काहीही आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र या रा. मध्ये अजून चुकत आली आहे. त्यापुढे लिहिलं जातं ते महसुली गावाचं नाव. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जि. ठाणे खोडून जि. पालघर लिहायची दक्षता सगळ्यांनी घेतली. पण आशागडसारखं गाव म्हणजे एकमेकांपासून लांब पसरलेले पाडे, आणि माणूस राहतो तो पाड्यावर. विहीर, स्मशान, वाट, देव, सगळं पाड्याचं. 2014 च्या मार्चमध्ये आलेल्या महाराष्ट्राच्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या, नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते, त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. त्या मागणीला आधार म्हणून जेव्हा जुने कागद चाळले जातात, तेव्हा त्यांत पाड्याचं नावच सापडत नाही. दंडाच्या पावतीवर ते असतं, कारण वनरक्षक पाड्यापर्यंत गेलेला असतो. शाळेच्या, दवाखान्याच्या, बँकेच्या कागदावर नसतं, कारण तिथे माणूस स्वतः खिडकीपर्यंत आलेला असतो.

तेव्हा शाळेत नाव दाखल करणारे गुरुजी, केसपेपर लिहिणाऱ्या सिस्टर, तहसीलबाहेर बसून अर्ज लिहून देणारे, बातमीचा कंस भरणारे पत्रकार, यांना एकच विनंती. रा. लिहून झालं की लगेच आशागड लिहू नका. समोरच्या माणसाला विचारा, कुठला पाडा, आणि तो सांगेल ते नाव आधी लिहा.